एक वार, एक पंगत

घर म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी एका शब्दात दिले होते : चूल. भाऊ विभक्त झाले असे सांगताना आपण अजूनही 'चुली वेगळ्या झाल्या' असेच म्हणतो. हिंदू कायद्याच्या ग्रंथांतही एकत्र कुटुंबाची तीन लक्षणे सांगितलेली आहेत : अन्न, उपासना आणि मिळकत. त्यांत अन्नाला पहिले स्थान आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मिळकतीचे वाटे कचेरीत होतात, देवघराचे वाटे नाइलाजाने होतात; परंतु घर फुटल्याची खरी खूण म्हणजे दुसऱ्या चुलीचा धूर.

आज मात्र एक नवीनच अवस्था आपल्यासमोर उभी आहे. चूल एक आहे, ती चूल असलेले घरही एक आहे, आणि तरीही घरातली माणसे एकत्र जेवत नाहीत. खडेबाजारासारख्या पेठेतील कोणतेही घर घ्यावे. दुकान बंद करून कुलूप लावीपर्यंत वडिलांना रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात. मुलगा कारखान्याच्या पाळीवर जातो, मुलगी शिकवणीहून उशिरा परतते, आजोबांचे औषध आठ वाजता असल्यामुळे ते तत्पूर्वीच जेवून घेतात. सून सर्वांची ताटे निरनिराळ्या वेळी वाढते आणि शेवटी ओट्यापाशी उभ्याउभ्या दोन घास खाऊन घेते. कोणी कोणाशी भांडलेले नाही. कोणी विभक्त झालेले नाही. केवळ जेवणाच्या वेळा पाच झाल्या आहेत.

यावर उपाय म्हणून पुष्कळ कुटुंबांनी आठवड्यातील एक रात्र राखून ठेवण्यास आरंभ केला आहे. दुकानाच्या सुट्टीचा वार असेल तो, किंवा सर्वांस सोयीचा दुसरा एखादा. त्या रात्री सर्वांनी एकत्र बसावयाचे, काय रांधावयाचे ते दोन दिवस आधी ठरवावयाचे. वरवर पाहता हा निव्वळ सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु त्याच्या पोटात दोन नैतिक प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यांचा विचार केल्यावाचून हा वार पाळला, तर तो फार दिवस टिकेल असे वाटत नाही. पहिला प्रश्न असा की, ठरवून केलेले प्रेम हे प्रेमच राहते काय? दुसरा असा की, या प्रेमाची किंमत कोण देतो?

पहिला आक्षेप बहुधा वडीलधारी मंडळी घेतात. "आपल्याच माणसांबरोबर जेवायला वार कशाला ठरवायचा? ती काय सभा आहे?" असे ते विचारतात. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. जिव्हाळा हा आतून उमलावा लागतो. त्याला वेळापत्रकाची दोरी लावली की तो कोमेजतो, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु आपली धर्मपरंपरा या बाबतीत काय सांगते, ते पाहावे. आपल्याकडे कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केलेले आहेत. काम्य कर्म इच्छा झाली म्हणजे करावयाचे, नैमित्तिक कर्म प्रसंग आला म्हणजे. नित्य कर्म मात्र मनाची लहर न विचारता करावयाचे. देवाची पूजा ज्या दिवशी भाव दाटून येतो त्याच दिवशी करावी असे कोणी सांगितलेले नाही. उलट मन कोरडे असले तरी पूजा चुकवू नये, म्हणजे केव्हातरी भाव येण्यास जागा राहते, असाच त्यातील हेतू आहे. देवळातील पालखीचा वार ठरलेला असतो, एकादशीची तिथी ठरलेली असते. त्यामुळे भक्ती यांत्रिक झाली असे आपण म्हणत नाही.

संकल्प या विधीचा अर्थही येथे ध्यानात घ्यावा. कोणत्याही कर्मापूर्वी आपण देश, काल आणि स्वतःचे गोत्र यांचा उच्चार करतो. म्हणजे कोठे, केव्हा आणि कोण हे कर्म करणार, हे आधी सांगतो. आधी ठरवणे हा आपल्या परंपरेत कर्माचा दोष नसून त्याचा प्रारंभ आहे. जे ठरवले जात नाही ते आपोआप घडेल, असा भरवसा ठेवण्याइतके आजचे दिवस मोकळे राहिलेले नाहीत.

वार पाळण्याचे सामर्थ्य किती असते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. कोकणात शतकानुशतके राहिलेला आणि मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवीत असे. परंतु शनिवारी ते लोक घाणा जुंपीत नसत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' असे नाव दिले. आपल्या धर्मबांधवांपासून इतक्या दूर राहूनही आपण कोण आहोत हे त्यांच्या स्मरणात राहिले, त्याला हा एक पाळलेला वारही मोठे कारण झाला असला पाहिजे. ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्ताला दिवे लावून सर्व कुटुंब जेवावयास बसते, ती त्याच व्रताची सुरुवात होय. त्या जेवणात जिव्हाळा नसतो असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तेव्हा पहिल्या आक्षेपाचे निरसन होण्यास अडचण पडू नये. दुसरा प्रश्न मात्र अधिक कठीण आहे आणि त्याला भिडण्याचे आपण सहसा टाळतो.

जुन्या एकत्र कुटुंबाचे वर्णन करताना आपण म्हणतो की, त्या काळी सारे एकत्र जेवत. हे अर्धसत्य आहे. पहिली पंगत पुरुषांची, तिच्या आगेमागे मुलांची, आणि सर्वांचे आटोपल्यावर बायकांची. घरात एखादी विधवा आत्या असली, तर पुष्कळ घरांत तिचे एकवेळचे अन्नही एका कोपऱ्यात निराळे. म्हणजे चूल एक होती, पंगत एक नव्हती. जे आपण गमावले असे समजून हळहळतो, ते आपल्या निम्म्या कुटुंबाला कधी लाभलेच नव्हते. म्हणून साप्ताहिक जेवण हे जुन्या गोष्टीचे पुनरुज्जीवन आहे असे मानू नये. ती पुष्कळ अंशी नवीन गोष्ट आहे आणि तिचे नियमही नव्याने ठरवले पाहिजेत.

यावर 'शास्त्र असेच आहे' असे उत्तर मिळते. शास्त्र काय आहे ते प्रामाणिकपणे पाहावे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नवविवाहिता, कुमारिका, रोगी आणि गर्भवती यांना अतिथींच्याही आधी निःशंकपणे जेवू घालावे असे सांगितले आहे. आणि अतिथी, आप्त व सेवक जेवल्यावर जे उरेल ते दंपतीने खावे असे म्हटले आहे. पत्नीने नव्हे, दंपतीने. सर्वांच्या शेवटी जेवण्याचा मान गृहस्थाचाही आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात पतीने पत्नीसह जेवू नये असेही वचन आहे, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु मग असा प्रश्न उरतो की, या दोन वचनांपैकी चौथ्या अध्यायातले तेवढे आपण घरोघर पाळले आणि तिसऱ्या अध्यायातले सोयीस्करपणे विसरलो, हे कोणत्या शास्त्राने? निवड आपण केली आहे. तिची जबाबदारी ग्रंथावर टाकता येणार नाही.

आता साप्ताहिक जेवणाचे प्रत्यक्ष स्वरूप पाहावे. सहा दिवस साधा भात-आमटीचा बेत. सातव्या दिवशी सर्व मंडळी येणार म्हणून दोन भाज्या, कोशिंबीर, वालीची उसळ, खतखते, सोलकढी, शिवाय काहीतरी गोड. नारळ खवणारी एक, विळीवर बसणारी तीच, वाढणारी तीच, आणि मंडळी तृप्त होऊन गप्पा मारीत असता भांड्यांचा ढीग उपसणारीही तीच. म्हणजे सर्वांच्या विश्रांतीचा वार हा एकीच्या अधिक कष्टाचा वार ठरतो. आठवड्यातून एकदा घर एकत्र यावे म्हणून जर घरातल्या एका व्यक्तीला त्या पंगतीबाहेर राहावे लागत असेल, तर ते घर एकत्र आले असे म्हणता येत नाही.

'पुरुषांना स्वयंपाकाची सवय नसते' ही सबब तर मंदिराशी संबंध असलेल्या आपल्यासारख्यांनी मुळीच सांगू नये. देवळातील संतर्पण आपण सर्वांनी पाहिले आहे. शेकडो पाने उठतात. शिध्याची यादी आठवडाभर आधी होते. भाजी चिरण्यास कोण, नारळ फोडण्यास कोण, पाणी कोणी द्यावयाचे, भात कोणी आणि आमटी कोणी, हे सारे ठरलेले असते. आचारी पुरुष, वाढपी पुरुष. पंचा कमरेला गुंडाळून मोठमोठे व्यापारी आणि वकील पंगतीतून धावत असतात आणि त्यात त्यांना धन्यता वाटते. देवाच्या अंगणात जी सेवा भूषणास्पद, ती स्वतःच्या माजघरात कमीपणाची कशी ठरते? संतर्पणाची ही व्यवस्था लहान प्रमाणात घरी आणावी, एवढेच काय ते करावयाचे आहे.

म्हणून बेत ठरवताना पदार्थांची यादी करण्यापूर्वी कामांची यादी करावी. बाजारातून भाजी कोण आणणार, नारळ कोण खवणार, पाने कोण मांडणार, वाढणार कोण, आणि शेवटी भांडी कोणाकडे, हे आधी बोलून घ्यावे. पदार्थ तीनच असावेत. एक वरण किंवा तोय, एक भाजी, एक भात. गोड हवेच असेल तर पेठेत कुंदा मिळतो. ज्या पदार्थामुळे रांधणारीला पानावर बसता येणार नाही तो पदार्थ त्या दिवशी करू नये. पोळ्या गरमच हव्यात असा ज्याचा आग्रह असेल, त्याने त्या दिवशी तव्यापाशी उभे राहावे. मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तूप अधिक, दुसऱ्याला कमी वाढणे, हा दोष मानलेला आहे. कष्टांची वाढणीही याच न्यायाने झाली पाहिजे. तिच्यातला भेद हाही पंक्तिप्रपंचच.

येथे आणखी एक धोका सांगणे अवश्य आहे. वार ठरला की तो पाळण्याचा अहंकार निर्माण होतो. पाळीवर गेलेला मुलगा आला नाही तर त्याच्यावर रोष धरला जातो; पुण्याला किंवा बंगळूरला असलेल्या लेकीला त्या दिवशी फोनवरून टोमणे ऐकावे लागतात. नित्य कर्मातही आजारी आणि प्रवासी यांना सूट असते. न आलेल्याचे पान झाकून ठेवावे आणि त्याच्या गैरहजेरीची चौकशी प्रेमाने करावी. हिशेब मागू नये. तसेच त्या रात्री मिळकतीचे वाद, लग्नाचे ठराव आणि परीक्षेचे गुण हे विषय पानावर आणू नयेत. ज्याला पंगतीत बसल्यावर उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, तो पुढच्या वेळी काही निमित्त काढून दूर राहील, आणि त्यात दोष त्याचा नसेल.

याच्या उलट बाजूचाही विचार हवा. पूर्वी आपल्या समाजात मोठा प्रश्न असे तो कोणाबरोबर खाऊ नये याचा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला, म्हणून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य उभे राहिले आणि पुढे त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. तो काळ गेला; परंतु कुटुंबाचा वार पाळता पाळता घराचे दार पुन्हा आतून लावले जाऊ नये. एकट्याने खाणारा केवळ पापच खातो, असा इशारा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्तात आहे आणि त्याच आशयाचा विचार गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आला आहे. 'एकटा' म्हणजे एक माणूस एवढाच अर्थ घेण्याचे कारण नाही. आपल्यापुरते पाहणारे सबंध कुटुंबही त्या अर्थाने एकटेच असते. जेवणापूर्वी गोग्रास आणि काकबळी काढून ठेवण्याची रीत याच जाणिवेची खूण होती. अतिथी शब्दाची जी व्युत्पत्ती सांगतात ती मोठी मार्मिक आहे : ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. आपल्या जेवणाला तिथी असावी. मात्र जिला तिथी नाही अशा माणसासाठी एक पान अधिक धरावे. शेजारची एकटी राहणारी वृद्ध बाई, शिक्षणासाठी परगावाहून आलेला एखादा विद्यार्थी, दुकानातला नोकर, यांपैकी कोणी त्या पानावर बसले तर जेवणाची पंगत खऱ्या अर्थाने पुरी होते.

शेवटी आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने एक गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. २००४ साली महाराष्ट्र शासनाने त्याविषयी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कोंकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या गोष्टींचे महत्त्व आहेच. परंतु आपल्या घरांतील मुले शाळेत इंग्रजी, कचेरीत कानडी आणि बाजारात मराठी बोलतात. आजीची कोंकणी त्यांच्या कानी पडण्याची जागा आता एकच उरली आहे, ती म्हणजे जेवणाचे पान. शीत, तोय, रांदप, आदोळी हे शब्द कोशातून कोणाच्या जिभेवर येत नाहीत. ते वाढणाऱ्याच्या हातातून येतात. ज्या घरी पाच जणांच्या पाच वेळा आहेत, त्या घरी भाषा वाढावयास कोणी बसतच नाही. कोणतेही न्यायालय ही उणीव भरून काढू शकणार नाही.

तात्पर्य, आठवड्यातील एक वार राखणे हे नियमाच्या कोरडेपणाचे लक्षण नसून प्रेमाला दिलेली जागा आहे. मात्र ती जागा सर्वांसाठी असली पाहिजे, आणि आधी त्या व्यक्तीसाठी, जी आजवर सर्वांना वाढून शेवटी बसली. ज्या रात्री तिचे पान इतरांच्या बरोबरीने मांडले जाईल आणि तिला एकदाही उठावे लागणार नाही, त्या रात्री आपले घर प्रथमच पुरे जेवले असे समजावे. हा वार कोणता असावा, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवताना तिला अगोदर विचारावे.