धामणीविरुद्ध खोटी साक्ष

पावसाळ्यात मावळातील खाचरे तुडुंब भरली म्हणजे बिळांत पाणी शिरते, आणि साप बांधावर व गोठ्यांत आसरा शोधीत येतात. गेल्या पावसाळ्यात सोमाटणे येथे एका गोठ्यापाशी आम्ही मारलेली धामण पाहिली. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हा तिच्यावर आरोप होता. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकही नव्हता. ऐकीव गोष्ट मात्र सर्वांस ठाऊक होती. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो, ही आमची चूक होय. म्हणून आज तिची बाजू मांडितो.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचर, पक्षी, गुरे व सरपटणारे प्राणी निरनिराळे सांगितले आहेत. परमेश्वराने प्रत्येकास वेगळी खूण दिली आहे. सरपटणाऱ्यांची त्वचा कोरडी व खवल्यांची असते. त्यांच्या अंगची ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते, म्हणून साप उन्हात पडून राहतो. पक्ष्यांची खूण पिसे. त्यांस दात नसतात, चोच असते. त्यांचे रक्त स्वतःच्या बळावर उष्ण राहते, आणि ते कठीण कवचाची अंडी घालितात. सस्तन प्राण्यांची खूण केस आणि मातेचे दूध.

ह्या खुणा नीट न पाहिल्यास डोळा फसतो. वटवाघूळ उडते म्हणून ते पक्षी वाटते. लेवीयाच्या अकराव्या अध्यायातही ते पाखरांच्या यादीत आहे, कारण तेथे उडणाऱ्यांची गणना आहे. परंतु त्याच्या अंगावर पिसे नसून केस आहेत, आणि मादी पिलास दूध पाजते. उलट घोणस जिवंत पिले प्रसवते; तरी ती सस्तन नव्हे, कारण तिला केस नाहीत आणि दूधही नाही.

आता धामणीचा न्याय करा. ज्या जातीत माता पिलास पाजीत नाही, त्या जातीला आचळ चोखण्याजोगे ओठ व गाल कशास मिळतील? दूध हे तिचे अन्नच नव्हे. तिचे अन्न उंदीर, बेडूक व पाखरे. जो उंदीर आपले भात कणगीतून नेतो, त्याचाच ती नाश करिते. तिला विष नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्यांचे भय खरे आहे. ह्यांपैकी कोणी चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालविता तत्काळ दवाखाना गाठावा. परंतु भय खरे म्हणून आरोप खरा होत नाही.

बंधुभगिनींनो, खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजाऱ्याविषयी आहे. परंतु जी जीभ मुक्या प्राण्याविषयी ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगते, ती उद्या शेजाऱ्याविषयीही तसेच सांगेल. काठी उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून खूण पाहावी. निर्माणकर्त्याने ती पाहण्यासाठीच दिली आहे.