शंभराचे एकशे साठ

आठवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना मी हमखास नेपाळच्या रुपयाचे उदाहरण घेतो. आपले शंभर रुपये म्हणजे तिकडचे एकशे साठ. डॉलर-पौंडाचा भाव रोज खालीवर होतो, पण हे प्रमाण १९९३ पासून बांधलेले आहे. नेपाळ राष्ट्र बँकेने ते हलू दिलेले नाही. एक पूर्णांक सहा दशांशाने भागा, की झाले. मुले पटापट उत्तरे काढतात. मला मात्र २०१७ च्या मे महिन्यात याच गणितात एक प्रश्न भेटला आणि तो भागाकाराने सुटणारा नव्हता.

त्या सुट्टीत आम्ही चार कुटुंबे पशुपतिनाथाला गेलो होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सुनौलीला कमानीखालून चालत पलीकडे. परदेशात आलो असे वाटेचना. पाट्या देवनागरी, आकडे देवनागरी, नाण्याचे नावसुद्धा रुपयाच. आमच्या भागातल्या माणसाला पाटी वाचताना दोन लिप्यांत नजर टाकायची सवय असते. तिथे तर एकीनेच भागत होते. पण या सारखेपणातच फसगत असते. पहिल्याच टपरीवर 'चिया रु. २०' असे वाचून मी आपली वीसची नोट दिली आणि चालू लागलो. टपरीवाल्या बाईने हाक मारून बारा नेपाळी रुपये हातावर ठेवले. तेव्हा कळले की तिकडे भाव विचारला की लगेच पुढे विचारायचे, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. जुनी माणसे भारतीय रुपयाला अजून 'कंपनी' म्हणतात, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. ती कंपनी बुडून दीडशे वर्षे झाली, पण तिचे नाव तिथल्या बाजारात आहे.

बाईने बारा रुपये परत केले याचे मला कौतुक वाटले. (नंतरच्या एका दुकानदाराने केले नाहीत, हेही सांगायला हवे.) त्याहून मोठी गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले. आम्ही पैसे बदलायला कुठल्याही खिडकीशी उभे राहिलोच नव्हतो. दुसऱ्या कुठल्या देशात गेलो असतो तर आधी आपले चलन देऊन त्यांचे घ्यावे लागले असते; घेताना एक दर, परत देताना दुसरा, मधला फरक आपल्या खिशातून. उरलेल्या नोटा घरी आणून त्या पुन्हा कुठे चालतील ही चिंताही आपलीच. नेपाळात आम्ही आपली शंभराची नोट देत होतो आणि तो माणूस ती मुकाट्याने घेत होता. बदलण्याची यातायात आणि ती चालेल की नाही याची काळजी, दोन्ही आमच्याकडून त्याच्याकडे गेली होती. आम्ही मात्र मनात म्हणत होतो, आपल्या रुपयाला केवढा मान!

निघायच्या दिवशी सकाळी लॉजचे बिल द्यायला गेलो. बिल झाले होते बत्तीसशे एनसी, म्हणजे दोन हजार आयसी. मी शंभराच्या वीस नोटा मोजून दिल्या. मालक साठीचा, सौम्य गृहस्थ. मला गुरुजी म्हणायचा. पैसे गल्ल्यात ठेवून त्याने खणातून एक वही काढली आणि वहीतून पाचशेच्या तीन नोटा. जुन्या, बंद झालेल्या. आदल्या दसऱ्यात भारतातून आलेल्या एका जथ्याने दिलेल्या. तेव्हा त्या आणायला मोकळीक होती. २०१५ पासून पाचशे-हजाराच्या नोटांत पंचवीस हजारांपर्यंत रक्कम नेपाळात नेता येत होती. पुढच्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, त्या रद्द झाल्या. इथे आपण रांगा लावून बदलून घेतल्या. नेपाळातल्या माणसाने कुठे रांग लावायची? त्यांच्या राष्ट्र बँकेने पुन्हा पुन्हा विनंती केली, पण त्याच्यासारख्यांसाठी खिडकी उघडली नाही.

मी म्हणालो, "दाई, आता भारतातही कुणी घेणार नाही. मुदत डिसेंबरअखेर संपली."

"कायदा मला ठाऊक आहे, गुरुजी," तो हिंदीत म्हणाला. "यावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

धारकाला पाचशे रुपये देण्याचे वचन. नागरिकाला नव्हे, धारकाला. त्याने नोट उलटली. मागे भाषांची उभी यादी असते. मराठी मला लगेच सापडली, कुठेही गेलो तरी ती आधी दिसते, कानडीही दिसली. मराठीच्या बरोबर खालची ओळ मात्र मी जन्मात कधी वाचली नव्हती. ती नेपाळी होती. नेपाळी ही भारतातल्या लाखो लोकांची भाषा आहे, ती ओळ त्यांच्यासाठी आहे, हे मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितले नाही.

आमच्यातले एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "सर, भावनेत वाहू नका. आपली नोट घट्ट म्हणून त्यानं साठवली. स्वतःच्या देशाची का नाही ठेवली? फायद्याचा विचार होता तर तोटाही त्याचाच. आणि वचन सरकारी बँकेचं आहे, तुमची त्यावर सही आहे का?" मुद्दा बिनतोड होता, अजूनही वाटतो. सही माझी नव्हतीच. पण तीन दिवस त्याच सहीच्या जोरावर मी तिथे चहा पीत होतो. कागद चालतो तोवर तो आपला आणि चालेनासा झाला की सरकारचा, हा हिशेब मला कुठेतरी खोटा वाटत होता.

शेवटी मी काय केले? पाचशे रुपये दिले आणि तीनपैकी एक नोट घेतली. मालकाने हात जोडले आणि उरलेल्या दोन पुन्हा वहीत ठेवल्या.

बसमध्ये सौ. म्हणाली, "अहो, एकच का घेतलीत?" मी म्हणालो, जवळ पैसे बेताचे होते. खरे होते ते, पण पूर्ण खरे नव्हते. मदत म्हणून पाचशे दिले असते तर नोट घेण्याचे कारण नव्हते. देणे म्हणून दिले असतील तर दीड हजार द्यायला हवे होते. मी दिले ते ना दान ना देणे. माझ्या मनाला जेवढे टोचत होते तेवढ्याची किंमत मी मोजली, आणि दरही मीच ठरवला.

२०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. वर्तमानपत्रांतून नाराजी उमटली. मला त्या खणातली वही आठवली. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतली काही मंडळी पशुपतीला निघाली, तेव्हा त्यांच्याबरोबर मी एक पाकीट दिले. आत शंभराच्या दहा नोटा, बाहेर लॉजचा पत्ता. पंधरा दिवसांनी पाकीट जसेच्या तसे परत आले. लॉज विकले गेले होते आणि नव्या मालकाला जुन्याचा ठावठिकाणा माहीत नव्हता. पाकीट कपाटात त्या पाचशेच्या नोटेशेजारी आहे. त्यातल्या शंभराच्या नोटा अजून चालतात.