इच्छेचं माप

आमच्या गावाचं नाव इच्छापूर. बऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे निघालं की महाराष्ट्राची हद्द लागण्याआधी ते येतं. टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर आहे. नवरात्रात पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते, कारण प्रत्येकाचं देवीकडे काही ना काही मागणं असतं. आणि चातुर्मासात स्थानकात जावं, तर तिथे महासतीजी सांगतात, इच्छा आवरा. लग्न होऊन आल्यापासून मी या दोन्हींच्या मध्ये राहते आहे. इच्छा पुरवावी की आवरावी? गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न एका यंत्राच्या रूपानं आमच्या माडीवर येऊन बसला.

पुण्याला शिकणारी माझी पुतणी सुटीत थ्रीडी प्रिंटर घेऊन आली. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी मेंदीचा कोन आठवावा. कोनातून बारीक धार सोडत आपण नक्षी काढतो, तसं हे यंत्र वितळलेल्या प्लास्टिकची धार सोडत वस्तू काढतं. फरक इतकाच, की एक थर झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. एक थर साधारण 0.2 मिलिमीटरचा. म्हणजे 20 सेंटिमीटर उंच तुकड्याला हजार थर लागतात. रात्री लावून निजावं आणि सकाळी उठून बघावं.

तिला करायचं होतं अंगावर घालता येईल असं चिलखत. छाती, दोन्ही खांदे, हात, नडग्या, सगळं. ते घालून तिला मुंबईच्या कॉमिक कॉनला जायचं होतं. हा चित्रकथांचा मेळा. आपल्या देशात तो 2011 साली दिल्लीत सुरू झाला. आवडत्या पात्रांचे पोशाख स्वतः करून तरुण मुलं-मुली तिथे जातात.

मोठ्या जाऊबाईंनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, “हा अनर्थदंड आहे.”

श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं व्रत अनर्थदंड-विरमण. पोटापाण्यासाठी, घरासाठी जी हिंसा टळत नाही ती एक वेळ समजून घेता येते. पण ज्याची गरजच नाही अशा कामातली हिंसा कशाला पदरी घ्यायची? वीज गेली, प्लास्टिक गेलं, पैसा गेला, दिवस गेले, आणि हाती काय, तर खोटं चिलखत. वर ते लढाईचं सामान!

लढाईचा मुद्दा मला तितकासा पटला नाही. चिलखत मारत नाही, वाचवतं. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, म्हणून खानाचा वार अंगाला लागला नाही. आणि असि, मसि, कृषी आणि शिल्प ही तर भगवान ऋषभदेवांनीच माणसाला शिकवली, असं आपण मानतो. हातानं वस्तू घडवणं हे पाप नाही. पण जाऊबाईंचा दुसरा मुद्दा सोपा नव्हता. महाराजांच्या चिलखताला कारण होतं. हिच्या चिलखताला कोणतं?

मी विचार करत राहिले. जुन्या काळी साखळीचं चिलखत करणारा कारागीर लोखंडाची एकेक कडी वाकवून शेजारच्या कड्यांत अडकवायचा, तोंड बंद करायचा. अशा हजारो कड्या. एका अंगरख्याला महिनेच्या महिने जायचे. त्यामुळे हौस म्हणून चार चिलखतं कुणी करवून घेत नसे. घडवण्याचे कष्ट हेच इच्छेला घातलेलं कुंपण होतं. आता ते कुंपण उरलं नाही. 2005 साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकेल अशा यंत्राचं काम सुरू केलं आणि त्याचे आराखडे सगळ्यांना फुकट दिले. तिथून ही यंत्रं स्वस्त होत घरोघरी पोचली. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. कलबागांच्या विज्ञान आश्रमात, त्याही आधी 2002 साली फॅबलॅब उभी राहिली होती; अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. तिथे खेड्याला काय हवं हे आधी बघतात आणि मग यंत्र चालवतात. घरात मात्र उलटं होतं. यंत्र आधी येतं, आणि मग त्याला काम शोधावं लागतं.

दिवाळीआधी स्थानकात उत्तराध्ययनसूत्राचं वाचन होतं. त्यात नमिराजर्षी इंद्राला सांगतात, की सोन्याचांदीचे डोंगर दिले तरी लोभी माणसाचं भागत नाही, इच्छा आकाशासारखी अनंत आहे. म्हणूनच श्रावकाला इच्छा-परिमाण सांगितलं. परिमाण म्हणजे माप. इच्छा मारून टाका असं गृहस्थाला सांगितलेलं नाही, मापात ठेवा असं सांगितलं आहे. आता बाहेरचं कुंपण गेल्यावर हे माप ज्याचं त्यालाच घ्यावं लागणार.

आणि मापाचं काम खरोखरच माझ्याकडे आलं. यंत्राला अंग कळत नाही. आधी कागदाचा बेत कापायचा, अंगावर लावून बघायचा, मग आकडे द्यायचे. छाती एका तुकड्यात यंत्रावर मावत नाही, म्हणून ती तुकड्यांत छापून जोडायची. जिथे वाकायला हवं तिथे लहान मुलांच्या खेळायच्या चटईचा असतो तसला फोम गरम हवेनं वळवायचा. आतलं अस्तर आणि पट्टे माझ्या शिलाई मशीनवर. घासकाम करताना भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून पोरगी तोंडाला मास्क लावून बसायची, तेव्हा जाऊबाईसुद्धा हसल्या, “मुहपत्ती बांधली बाई एकदाची!”

गेल्या वर्षी हिला दोन स्थळं आली आणि दोन्ही परत गेली. मुलगी अंगानं जरा जास्त आहे म्हणे. तेव्हापासून ती शिंप्यापुढे उभी राहत नव्हती. तयार ढगळ कुर्ते आणायची. तीच मुलगी आता हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली. “काकी, नीट मोज. एक सेंटिमीटर चुकला तर बसणार नाही.” मी आकडे मोठ्यानं वाचत होते, ती वहीत लिहीत होती. पुन्हा मोजायला लावत होती. त्या आकड्यांत चांगलंवाईट काही नव्हतं. जे अंग होतं त्याला बसेल असं चिलखत करायचं होतं, इतकंच.

मी विचारलं, चिलखतच का? ती म्हणाली, “हे घालून उभी राहिले की लोक आधी काम बघतात. सांधा कुठे आहे, रंग कसा चढवला. मग मला बघतात.”

जाऊबाई दारातच होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “कारण आहे म्हण. पण प्लास्टिक ते प्लास्टिकच.” त्यांचं खरं आहे. हे प्लास्टिक मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून करतात, तरी परसातल्या खतात ते सहजी कुजत नाही. साठ अंशांच्या आसपास मऊही पडतं. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलं तर वाकडं होईल. तेव्हा हा अनर्थ नाही असं मी सरसकट म्हणणार नाही.

पुतणीच्या यादीत पुढे पंख होते, ढाल होती, शिरस्त्राण होतं, दुसरं एक चिलखतही होतं. मी नको म्हटलं नाही. पच्चक्खाण दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. एवढंच विचारलं, की एकेक कडी हातानं जोडावी लागली असती तर यातलं काय केलं असतंस? ती यादी घेऊन बसली. पंख गेले, ढाल गेली, दुसरं चिलखत गेलं. शिरस्त्राण राहिलं.

आता जाऊबाईंच्या शब्दाकडे पुन्हा वळते. आठव्या व्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांतला एक, गरजेहून अधिक वस्तू बाळगणं. तो आपल्याला लगेच दिसतो, कारण वस्तू समोर पडलेली असते. दुसरा मौखर्य, म्हणजे विनाकारण तोंड चालवणं. तो दिसत नाही. ‘मुलगी अंगानं जरा जास्त आहे’ या वाक्यानं कुणाचं पोट भरलं? कुणाचं घर चाललं? ज्याला नकार द्यायचा होता त्याला मुकाट्यानंही देता आला असता. वीज लागली नाही, पैसा लागला नाही, आणि एका पोरीनं वर्षभर आरशाकडे पाठ केली. माडीवर पडलेल्या प्लास्टिकच्या कपट्यांचा हिशेब आपण मांडतो, तो मांडायलाच हवा. पण बहिणींनो, मुलगी बघायला गेलेल्या घरी चहाचा कप हातात घेऊन आपण जी मापं काढतो, त्यांचाही हिशेब संध्याकाळच्या प्रतिक्रमणात यायला हवा.