हौस केली म्हणून गप्प बसायचं?

गुडघ्याचं ऑपरेशन फसलं तर माणूस ते साऱ्या गोतावळ्यात सांगतो. डॉक्टरचं नाव, बिलाचा आकडा, फिजिओथेरपीचे हाल, सगळं. कपाळावरच्या आठ्या घालवायला बोटॉक्स टोचून घेतलं आणि डावी पापणी खाली आली, तर तोच माणूस गॉगल लावतो आणि डोळे आलेत म्हणून सांगतो. दोन्हीकडे पैसे मोजलेत, दोन्हीकडे सुई-चाकू हातात असलेल्या माणसावर विश्वास टाकलाय. तरी एकाची तक्रार सहानुभूती मिळवते आणि दुसऱ्याची ऐकून घेण्याआधीच निकालात निघते. “कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला?” हे वाक्य सासूने म्हणायची गरज नसते. त्या बाईने, आणि आता कितीतरी पुरुषांनीही, ते स्वतःला आधीच ऐकवलेलं असतं.

पुण्या-मुंबईचं सोडा, आता जिल्ह्याच्या गावीही स्किन क्लिनिकच्या पाटीवर बोटॉक्स-फिलर लिहिलेलं दिसतं. लग्नसराईत नवरीसाठी पॅकेज असतं, नवरीच्या आईसाठी वेगळं. हे वाईट की बरं, या वादात मला रस नाही. केस काळे करणाऱ्या समाजाने सुरकुत्यांवर नैतिक प्रवचन देऊ नये. माझा मुद्दा निराळा आहे. चेहऱ्यावर केलेलं मनासारखं झालं नाही की माणसाला जी लाज वाटते, ती त्याचं खरं नुकसान करते. ती वेळेवर बोलू देत नाही, थांबू देत नाही आणि शेवटी पुन्हा त्याच सुईकडे नेते.

वेळेवर बोलणं म्हणजे काय, ते आधी. ओठ, गाल, नाकाच्या कडेच्या घड्या भरायला टोचतात ते जेल, म्हणजे फिलर, चुकून रक्तवाहिनीत गेलं, किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट दिसू लागते, दुखणं नेहमीच्या ठणक्यापेक्षा फार जास्त असतं. नाक आणि दोन भुवयांमधली जागा यात सर्वांत धोक्याची, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या आहेत. क्वचित का होईना, दृष्टी गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. जेल हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर ते विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हे एन्झाइम मोठ्या मात्रेत, ताबडतोब टोचावं लागतं. इथे हिशोब तासांचा असतो. दिसायला कमी झालं तर त्याच मिनिटाला नेत्रतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठायचं. आणि नेमक्या याच तासांत, घरी न सांगता जाऊन आलेली व्यक्ती बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून सूज उतरायची वाट बघत असते. क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी “बर्फ लावा, उतरेल” म्हणते, आणि तेवढ्यावर समाधान मानायला लाजेने मन आधीच तयार केलेलं असतं.

अशी वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांची निराशा संथ असते, आणि तिथे गरज नेमकी उलट, म्हणजे थांबण्याची.

बोटॉक्सचं घ्या. ते मुळात एका जिवाणूचं विष. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने 1820 च्या आसपास केला. पुढे ज्या जिवाणूचं हे विष, तो बेल्जियमच्या एमिल व्हान अर्मेन्गेमने शोधला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं आणि 1989 मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता 2002 ची. म्हणजे डोळ्याच्या आजारावरचं औषध तेरा वर्षांनी सौंदर्याच्या दुकानात आलं. ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पुरता बसायला दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्यामुळे चौथ्या दिवशी “एक भुवई वर, एक खाली” म्हणून रडणं अवेळी आहे, आणि चौथ्या दिवशी आणखी टोचून देणारा डॉक्टरही घाई करतो आहे. दोन आठवड्यांनी भुवयांची बाहेरची टोकं खलनायकासारखी चढलेली राहिली, तर एक-दोन युनिट टोचून ती उतरवता येतात. कमी पडलं तर भर घालता येते. जास्त झालं किंवा पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं, तर मात्र उतारा नाही. ॲप्राक्लोनिडिनचे थेंब दुसऱ्या एका लहानशा स्नायूला डिवचून पापणी एक-दोन मिलिमीटर वर आणतात, तेवढाच आधार. बाकी काही आठवडे जाऊ द्यायचे. आपल्याकडे ते जात नाहीत, कारण लग्न तोंडावर आलेलं असतं. मुहूर्त ठरल्यावर आठवडाभर आधी चेहऱ्यावर पहिल्यांदा सुई लावून घेणाऱ्यांना आणि ती लावणाऱ्यांना काय म्हणावं, मला सुचत नाही.

फिलरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, कारण तिथे मागे फिरता येतं. निदान तसं सांगितलं जातं. हायल्युरॉनिक ॲसिड 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी बैलाच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात शोधलं. ते आपल्या कातडीतही असतं, आणि त्याला विरघळवणारं एन्झाइमही आहे. मधमाशीच्या विषातही हे एन्झाइम असतं. म्हणून मधमाशी चावल्यावर अंगभर सूज आलेली असेल, तर हे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं लागतं. ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या कोर्टनी कॉक्स यांनी 2017 मध्ये आपले सगळे फिलर विरघळवून घेतल्याचं सांगितलं. आपल्याकडे अभिनेत्री उर्फी जावेद यांनी जुलै 2025 मध्ये ओठांतले फिलर काढून घेताना सुजलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ टाकला. त्यावर हसणारे पुष्कळ निघाले. मला त्या व्हिडिओचं मोल वाटतं, कारण चेहरा असा दिसण्याच्या दिवसांत माणूस एरवी घराबाहेर पडत नाही.

पण सगळेच फिलर विरघळत नाहीत. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपाटाइट, पॉलिलॅक्टिक ॲसिड, पीएमएमए, सिलिकॉन यांवर ते एन्झाइम चालत नाही. म्हणून निराश माणसाने विचारायचा पहिला प्रश्न “आता काय करायचं?” हा नव्हे. “माझ्या चेहऱ्यात नेमकं काय घातलंय?” हा आहे. चांगल्या फिलरच्या खोक्यात सोलून काढायचं स्टिकर येतं. त्यावर उत्पादनाचं नाव आणि लॉट नंबर छापलेला असतो, आणि ते पेशंटच्या कागदावर चिकटवणं अपेक्षित असतं. साडीच्या दुकानातून पावतीशिवाय न निघणारी माणसं गालात काय भरलं त्याचा कागद मागत नाहीत. मागणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास, असं वाटतं. शिवाय तो कागद घरी कुणाच्या हाती लागला तर?

न विरघळणाऱ्या पदार्थांची जुनी हकिगत आठवून बघावी. 1899 मध्ये व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीन टोचून शरीरातली पोकळी भरण्याचा प्रयोग केला, आणि काही वर्षांतच पॅराफिनची इंजेक्शनं चेहऱ्यासाठी युरोपभर सुरू झाली. ग्लॅडिस डीकन ही तिच्या काळातली गाजलेली सुंदरी. नाकाची रेघ ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून तिने विशीतच नाकाच्या दांड्यात मेण टोचून घेतलं. मेण खाली सरकलं आणि चेहरा कायमचा बिघडला. पुढे 1921 मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली, ब्लेनहाइमच्या राजवाड्यात राहिली. 1977 मध्ये मनोरुग्णालयात वारली, त्याआधीची कित्येक वर्षं तिने लोकांपासून लपून काढली. तिच्या दुःखाचं सगळं खापर मेणावर फोडणं बरोबर नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते. ज्या चेहऱ्याचं जगाने कौतुक केलं होतं, तो तिला स्वतःला पुरेसा वाटला नव्हता.

इथून तिसऱ्या, सर्वांत अवघड निराशेकडे यावं लागतं. काम नीट झालेलं असतं. सूज नाही, डाग नाही, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. तरी आरशातला चेहरा बघून पोटात खड्डा पडतो. कधी ‘हा मी नाही’ म्हणून, कधी ‘एवढे पैसे घातले आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही’ म्हणून. दुसरं कारण मला अधिक खरं वाटतं. घटस्फोटानंतर, नोकरीत डावललं गेल्यावर, मुलं परदेशी गेल्यावर माणूस सुईकडे वळला असेल, तर तो एक मिली जेलकडून जे मागत होता ते जेल देऊच शकत नव्हतं. इथे क्लिनिकची भाषा घात करते. “थोडा टच-अप करू या,” “दुसऱ्या बाजूला अर्धी सिरिंज टाकली की बॅलन्स होईल.” फिलर वर्षभरात जिरतो असं सांगून विकतात, पण एमआरआयमध्ये तो त्याहून पुष्कळ काळ राहिलेला दिसला आहे. जुन्यावर नवं चढत जातं, चेहरा फुगतो, आणि रोज बघणाऱ्या डोळ्यांना तो फुगवटाच आपला चेहरा वाटू लागतो. काहींच्या बाबतीत मूळ दुखणं मनाचं असतं. न दिसणारं किंवा किरकोळ व्यंग दिवसरात्र छळतं, त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि अशा माणसाचं समाधान सुईने सहसा होत नाही. सुरुवातीलाच हे ओळखणं डॉक्टरचं काम आहे. पण ते ओळखलं की गिऱ्हाईक जातं.

आता हक्काचं. सरकार या इंजेक्शनांना उपचार मानत नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात यांवरची प्लास्टिक सर्जरी जीएसटीतून सुटते, निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या गोष्टीवर मात्र 18 टक्के कर लागतो. पण करासाठी ही चैन असली, तरी जबाबदारीच्या बाबतीत ती सेवाच आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात 1995 मध्ये सांगितलं. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर 72 तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. म्हणून आधीचे फोटो, संमतीपत्राची प्रत, बिल, ते स्टिकर, नंतरचे तारखेसकट फोटो, हे सगळं जपून ठेवावं. रागाच्या भरात व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसून टाकू नयेत. मात्र ‘आवडलं नाही’ म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि तसा दावा टिकणारही नाही.

जिथे दावा टिकू शकतो ती जागा संमतीची. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती खरी नव्हे. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिला न विचारता काढलं होतं, आणि भरपाई मिळाली 25 हजार रुपये. दूरच्या, केवळ तात्त्विक धोक्यांची यादी डॉक्टरने वाचून दाखवायला हवी असं काही त्या निकालात नाही. आजारात ते ठीकच आहे, कारण घाबरून माणूस गरजेचा उपचार टाळेल. पण ज्याला कुठलाच आजार नाही, त्याने टाळलं तर काय बिघडतं? माझ्या मते इथे सांगण्याची पट्टी वर असायला हवी. दृष्टी जाण्याचा धोका क्वचित असला तरी तो मराठीत, समोर बसवून सांगितला पाहिजे. खुर्चीत मागे रेलून, चेहऱ्यावर भूल आणणारं क्रीम लावलेलं असताना टॅबवर बोटाने सही घेऊन नव्हे.

आणि एक गोष्ट पैशाची. बऱ्याच जाहिरातींत ‘कन्सल्टेशन फ्री’ असतं. सल्ला फुकट असला की डॉक्टरची कमाई फक्त टोचण्यातून होते, आणि “तुम्हाला याची गरज नाही” म्हणणारा डॉक्टर तोट्यात जातो. निराश होऊन दुसरं मत घ्यायला निघालेल्या माणसाने फी घेणारा डॉक्टर शोधावा, आणि अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं की आज फक्त बघायचंय, आज काहीही टोचून घ्यायचं नाही. हे ऐकूनही जो वेळ देतो, जुने कागद मागतो, आधी काय आणि कधी घातलं ते विचारतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायला हरकत नाही.