वासरांतली लंगडी गाय

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. पण त्या गाईने करावे तरी काय, हे म्हण सांगत नाही. वासरांतच मानाने राहावे, की धडधाकट गाईंच्या कळपात जाऊन रोज मागे पडावे? खेळाच्या जगात हा प्रश्न दरवर्षी खरोखरीच उभा राहतो. खालच्या गटात जिंकणाऱ्या लहान संघाने वरच्या गटात जावे काय?

रणजी करंडकाचे उदाहरण आपल्या माहितीतले आहे. २००२-०३ पासून या स्पर्धेत वरचा एलिट आणि खालचा प्लेट असे गट पडले. २०२४-२५ च्या हंगामात ३८ संघांपैकी ३२ एलिटमध्ये होते आणि ६ प्लेटमध्ये. आम्हां बालाघाटकरांना या स्पर्धेत दोन माहेरे. राज्य म्हणून मध्य प्रदेश आपला; आणि १९५६ पर्यंत आपली राजधानी असलेले नागपूरही काही परके नव्हे. या दोन्ही संघांनी प्लेटचे दिवस पाहिले आहेत, आणि पुढे करंडकही जिंकला आहे.

वर जाण्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मार्च २०२२ मध्ये प्लेटमधून पुढे आलेल्या नागालँडविरुद्ध झारखंडने एकूण १००८ धावांची आघाडी घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईने उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये धावांच्या हिशेबात एवढा मोठा पराभव तोवर जगात कुणाचाच झाला नव्हता. हरण्याने माणूस शहाणा होतो, असे सांगणारे बहुधा कधीतरी जिंकलेले असतात. दोन-दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्यातून नेमके कोणते शहाणपण मिळते? बरोबरीच्यांशी खेळून जिंकण्यात कमीपणा कसला?

कमीपणा नाही, हे मी मान्य करतो. पण दुसरी बाजूही पाहावी. २०१०-११ मध्ये प्लेटमधल्या वरच्या संघांना बाद फेरीचे दार उघडे होते. राजस्थान त्या दारातून आत शिरले आणि अंतिम सामन्यात बडोद्यावर पहिल्या डावाची आघाडी घेऊन करंडकच घेऊन गेले. तो योगायोग म्हणावा, तर पुढच्या वर्षीही तेच विजेते! ७२५ धावांनी हरलेले उत्तराखंडदेखील पुढच्याच हंगामात, एलिटमध्ये खेळून, पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत पोचले. तिथे कर्नाटकाकडून डावाने हरले हे खरे. पण घरी बसले नाहीत.

आणखी एक गंमत पाहा. बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये एका हंगामात ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा ६४ बळींचा जुना विक्रम मोडला. तो प्लेट गटात खेळत होता. लगेच कुजबुज झाली, की हे बळी कुणाचे? २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने एलिटमध्ये ६९ बळी घेतले, तेव्हा ती शंका कुणाला आली नाही. अमनची मेहनत खोटी नव्हती. पण खालच्या गटात राहणाऱ्याच्या खऱ्या गुणावरही शंकेची सावली पडते. वर जाण्याचे मला पटलेले सर्वांत मोठे कारण हेच.

मात्र कसे जावे, हे विदर्भाकडून शिकावे. हा संघ १९५७-५८ मध्ये रणजीत उतरला आणि पहिल्यांदा विजेता झाला तो २०१७-१८ मध्ये, इंदूरच्या मैदानावर दिल्लीला हरवून. मध्ये साठ वर्षे गेली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफरही मुंबईचा. पण कर्णधार फैज फजल नागपूरचा, आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणीही तिथलाच. त्याआधी २००८ मध्ये कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून पहिला सामना खेळला, तोही आपल्या मध्य प्रदेशाविरुद्ध. तीन वर्षांनी तो कसोटीत होता. भरवेली-मलाजखंडच्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रवासाचा अर्थ निराळा सांगायला नको. पुढे याच पंडितांनी २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला मुंबईवर विजय मिळवून दिला. बाहेरून गुरू आणावा, एखादा वडीलधारा खेळाडूही आणावा. पण अकराच्या अकरा भाड्याने आणले तर फक्त नाव वर जाते, गाव होते तिथेच राहते.

म्हणून ‘वर गेल्यास जिंकू का?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. हरलो तर त्या हरण्यातून आपल्या पोरांच्या हाती काही उरेल का, हे विचारावे. सराव, शिकवणारा माणूस आणि चार-पाच हंगाम थांबण्याची तयारी असेल तर उरते. नसेल, तर पदाधिकाऱ्यांच्या हौसेची किंमत पोरे मोजतात. आणि दुसऱ्याच्या पाठीवर घेतलेल्या माराला धैर्य म्हणत नाहीत.

हा प्रश्न आपल्या घरांतही आहे. बालाघाटात पहिला येणारा मुलगा नागपूरला किंवा जबलपूरला गेला की तिसावा येतो, आणि आई-बापाला वाटते, उगाच पाठवला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरेच. पण आधी दगड पारखावा, कारागीर पाहावा, आणि घाव घातल्यावर त्याला अर्धवट टाकून निघून जाऊ नये. एवढी हमी देता येत असेल, तर त्या गाईला खुशाल मोठ्या कळपात सोडावे. ती मागे राहील. पण चालायला तिथेच शिकेल.