जुन्या मोटारीचे दान

मार्च सरत आला की रायपुरातील एखाद्या गृहस्थाच्या मनात येते : अंगणातील जुनी मोटार धर्मादाय संस्थेस द्यावी, पुण्यही लाभेल, आयकरही वाचेल. परंतु १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलमाने सवलत दिली ती पैशाच्या दानाला, वस्तूच्या दानाला नव्हे. हे कळताच ज्याचा हात आखडतो, तो देत तरी काय होता ?

कठोपनिषदातील वाजश्रवसाने दूध आटलेल्या, गलितगात्र गाई दक्षिणेत दिल्या. ते पाहून बालक नचिकेत्याचे मन कळवळले. वस्तू जुनी असणे हा दोष नव्हे. चालती मोटार खेड्यातील रुग्णास रायपूरच्या रुग्णालयात पोचवीत असेल तर ते दान उत्तमच. पण दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी येणार असेल, तर दात्याने केवळ आपली अडगळ हलविली. गीतेच्या सतराव्या अध्यायात फळावर दृष्टी ठेवून दिलेले दान राजस म्हटले आहे. देश, काल, पात्र पाहून दिलेले सात्त्विक. म्हणून संस्थेस आधी विचारावे, मोटार हवी आहे काय ? नको असल्यास ती विकून येणारी रक्कम धनादेशाने द्यावी. मग नियमात बसणारी सवलत घेण्यात पाप नाही. हवी असल्यास नोंदणीपुस्तकातील नाव त्वरित बदलून द्यावे.