वाढत्या अंगाची गाडी

या संवादातले मामा आणि भाचा मी रचलेले आहेत. प्रश्न रचलेला नाही. मामा अमरावतीचे. शाळेत खेळशिक्षक होते, शिक्षण हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेलं. १९१४ साली सुरू झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेल्या त्या संस्थेचा अभिमान त्यांच्या बोलण्यात कुठेतरी डोकावतोच. भाचा अकोल्याचा. कृषी केंद्र चालवतो, बोरगाव मंजूच्या बाजूला सात एकर शेती आहे आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्या मुलासाठी बॅटरीवरची डर्ट बाईक घ्यायची आहे. लहान मुलांची घ्यायची की पूर्ण मापाची, एवढाच वाद. आमच्याकडे मामा भाच्याला पाया पडू देत नाही, मान भाच्याचा. त्यामुळे मामांना जरा जपूनच बोलावं लागतं.

भाचा: मामाजी, हिशोब सरळ आहे. हीरोच्या विडानं डिसेंबर २०२५ मध्ये लहान पोरांची डर्ट बाईक काढली. काढली तेव्हा किंमत ६९,९९० रुपये. चार ते दहा वर्षांच्या पोरांसाठी. आमचा आताच नऊचा. म्हणजे एक वर्ष, लय झालं तर दीड. मग ती गोठ्यात पडणार.

मामा: कापसात किती झाले रे सत्तर हजार?

भाचा: लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ ला ८,११० होता. साडेआठ क्विंटल पकडा.

मामा: अन् मोठी?

भाचा: बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटनं मार्च २०२५ मध्ये शॉकवेव्ह दाखवली. रस्त्यावरही चालते, कच्च्यातही. मूळ किंमत पावणेदोन लाख, म्हणजे एकवीस-बावीस क्विंटल. पण एकदा घेतली की विषय संपला. पोरगा वाढेल, गाडी आहे तिथंच राहील. तवर मी चालवीन.

मामा: वजन किती तिचं?

भाचा: एकशेवीस किलो.

मामा: अन् पोट्ट्याचं?

भाचा: सव्वीस.

मामा: साडेचार पोट्टे झाले तवा एक गाडी झाली.

भाचा: वजन सोडा ना, ताकद कमी करता येते. विजेच्या गाडीचं हेच तर आहे. पेट्रोलचं इंजिन जेवढं आहे तेवढंच राहते. स्पेनची स्टार्क वार्ग म्हणून एक गाडी आहे, मोटोक्रॉसची, ऐंशी हॉर्सपॉवर. फोनवर बोट फिरवलं की दहाची होते. म्हणजे एकाच गाडीत लहानही आली, मोठीही आली. मग लहान वेगळी घ्यावी कायले?

भाच्याचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यंत्र केवढं आहे हे आपण आजवर त्याच्या ताकदीवरून सांगत आलो: पन्नास सीसी, शंभर सीसी, दोनशे सीसी. विजेच्या गाडीत आकार तोच ठेवून ताकद हवी तेवढी सोडता येते. मग लहान-मोठं म्हणजे नेमकं काय, हे नव्यानं विचारावं लागतं. मामांनी ते आखाड्यात नेऊन विचारलं.

मामा: वस्ताद नव्या पोराशी स्वतः लढत घेते, पाहिलं ना तू? शंभर किलोचा गडी. पण जोर लावते पोरापुरता.

भाचा: तेच तर म्हणून राहिलो मी.

मामा: ऐक ना बापा. डाव चुकला अन् पोरगा खाली आला, तर वस्ताद आपलं अंग आपल्या हातावर तोलते. पोट्ट्यावर पडत नाही. जोर कमी लावणं हे अर्धं झालं. आपलं वजन आवरणं हे दुसरं अर्धं. तुही गाडी जोर कमी करीन, मान्य. पण पडताना हात टेकवीन का?

भाचा: पडेलच कायले?

मामा: शिकून राहिला म्हणजे पडीनच. नाही पडला तर शिकलाच नाही.

भाचा: मग मले एक सांगा. तुम्ही सायकल कशावर शिकले? आजोबांच्या चोवीस इंचीवर. दांडीखालून पाय घालून, कैची मारत. सीटवर बसायला दोन-तीन वर्षं गेली. मीही तसाच शिकलो. लहान सायकल कोणी घेऊन दिली होती? गुडघे फुटले, पण मापाबाहेरच्या वस्तूशी झटूनच माणूस वाढते. तुमच्या हिशोबानं कोणी मापाबाहेर जाऊच नये.

मामा: हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण त्या सायकलले जोर कोणाचा होता? माह्या पायाचा. मी दमलो की सायकल थांबे. उतार सोडला तर माह्या अंगात होता त्याच्या वर वेग तिले येत नव्हता. सायकल उंचीनं मोठी होती, ताकदीनं माह्याएवढीच होती. या गाडीत जोर बाहेरून येते. मनगट फिरवलं की सगळा एकाच वेळी येते. क्लच नाही, गिअर नाही, इंजिनचा आवाज चढत नाही. पोराले समजायच्या आत गाडी पुढं.

भाचा: जोर तर लहान गाडीतही बाहेरचाच आहे. त्या न्यायानं तीही नको.

मामा: हाव. त्या न्यायानं तीही नको.

भाचा: मग?

मामा: मग तिच्यातली जमेची बाजू पाहायची. ताशी आठ, सोळा, पंचवीस किलोमीटर असे तीन वेग आहेत. उंची कमी-जास्त करता येते. अन् वजन बावीस किलो. पडली तर त्याची त्याले उचलता येईन. ज्याची गाडी त्याले उचलता आली पाहिजे, एवढं तरी मांगू दे मले.

भाच्याचा पुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो मामांच्या बाजूलाही लागू पडतो. लहान गाडीवर पोरगा दहादा पडेल, कपडे झटकून उठेल आणि पडण्यानं काही होत नाही असं शिकून बसेल. मग पंधराव्या वर्षी मोठ्या गाडीवर तो तेच शिक्षण घेऊन चढेल. लहान गाडी सुरक्षित असते आणि म्हणूनच ती थोडं खोटं शिकवते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी पंचवीसच्या वेगानं पडलेल्याला पन्नासच्या वेगानं पडणं दुप्पट लागेल असं वाटतं, लागतं ते चौपटीच्या हिशोबानं. मामांनी हे कबूल केलं, पण यातून भाचा काढतो तो निष्कर्ष काढला नाही. मोठ्या गाडीचं भय पोरात यावं म्हणून त्याला आजच मोठीवर बसवणं, हा उपाय त्यांना पटला नाही. भय ऐकून, पाहून, चढत्या पायरीनंही येतं, असं त्यांचं म्हणणं. इथं दोघांपैकी कोणी जिंकलं असं मला वाटत नाही.

मामा: बरं, हेल्मेट कोणतं घेशील?

भाचा: त्याच्या डोक्याच्या मापाचं.

मामा: वाढत्या अंगाचं नाही? डोकं वाढीन ना त्याचं.

भाचा: सैल हेल्मेट पडताना फिरते मामाजी. काय कामाचं?

मामा: मग गाडी काऊन वाढत्या अंगाची?

भाचा: हेल्मेट हजारांत येते, गाडी लाखात.

मामा: म्हणजे माप पोराच्या अंगावरून नाही, किमतीवरून ठरलं.

भाचा: कास्तकाराच्या घरी किमतीवरूनच ठरते सगळं. शाळेचा शर्ट असो की लग्नाचे बूट. त्यात पाप काय आहे?

पाप काहीच नाही. आमच्या घरांमध्ये मूल आज जेवढं आहे तेवढ्यासाठी सहसा काही घेतलंच जात नाही. ते जेवढं होणार आहे तेवढ्यासाठी घेतलं जातं. ही काटकसर आहे आणि तिच्यावर पिढ्या निभावल्या. पण या गाडीबाबत ती काटकसरही ठरत नाही. पूर्ण मापाची मोटारसायकल रस्त्यावर चालवण्याचं लायसन अठरा पूर्ण झाल्यावर मिळतं, म्हणजे या मुलासाठी अजून नऊ वर्षं. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होत जाते, पूर्ण चार्ज करून उन्हाळ्यात ठेवली तर लवकरच होते, आणि अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांची वेस ओलांडतो. या बॅटऱ्या चार्ज करण्याची मर्यादाही साधारण पंचेचाळीस अंशांचीच धरतात. भर दुपारी टिनाच्या शेडात गाडी चार्जिंगला लावणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. मुलगा अठरा वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या हाती येईल ती त्याच्यासाठी राखून ठेवलेली, दमलेली बॅटरी.

आणि चालवायची कुठं? याचा विचार दुकानात होत नाही. जूनपासून शेतात पऱ्हाटी, सोयाबीन, तूर उभी. पावसात काळी माती चाकाला अशी धरते की चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नाही. जमीन मोकळी होते ती फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऊन तापायला लागल्यावर. उरतो पांदण रस्ता. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. त्याच महामार्गावरून आत वळलं की बऱ्याच पांदणी अजून चिखलातच आहेत. तरी पांदण सार्वजनिक आहे. जिथं लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक ठिकाणच धरली जाते. नंबर नसलेली गाडी तिथं चालत नाही, लहान असो वा मोठी. काटेपूर्णा आणि मेळघाटची नावं मित्रमंडळींत फार निघतात. ती अभयारण्यं आहेत, तिथं हौसेच्या गाडीचा प्रश्नच येत नाही.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 

मामा: आवाज नाही ना तिले?

भाचा: हेच तर चांगलं आहे. शेजारी भांडत नाहीत.

मामा: वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरून बाया जाऊन राहतात, डोक्यावर कापसाचं गाठोडं. मागून पेट्रोलची गाडी आली तर बाजूला होतात. ही आली तर? बैल बुजला तर? शंकरपटात पाहा. तळेगाव दशासरले बैलजोड्या कशा सुटतात! पण पट सुटायच्या आधी माणसं बाजूला केलेली असतात, आखलेली जागा असते. कोर्टानं २०१४ ले पट बंद केला, २०२१ ले उघडला, तोही अटी घालून. वेगाले जागा लागते बापा. तुह्या वेगाले जागा कोणती?

भाचा: शेताचा एक कोपरा काढून देईन. अर्धा एकर.

मामा: अर्ध्या एकरात लहान गाडी फिरीन. मोठी तर सुरू होता होता कुंपणाले लागीन.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला.

मामा: एक विचारू? राग नको मानू. गाडी पोट्ट्यासाठी घेऊन राहिला की तुह्यासाठी?

भाचा: मले पाहिजे मामाजी. कॉलेजात असताना पाहिजे होती, तवा बाबांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. आता पोराच्या नावानं मांगितली की घरात कोणी नाही म्हणत नाही.

मामा: मग तसं सांग ना. तुही तू घे, नंबरवाली. पोराले त्याच्या मापाची घे.

भाचा: तीस क्विंटल होतात दोन्हींचे!

मामा: हाव. म्हणून आता ठरव, यंदा कोणाची हौस.

माझ्या मते वादाचा खरा मुद्दा इथं सापडला. लहान की मोठी हा प्रश्न दोन गाड्यांमधला वाटत होता, तो दोन माणसांमधला निघाला. पूर्ण मापाच्या गाडीत बापाची राहून गेलेली इच्छा आणि पोराचं यायचं वय एकाच सीटवर बसवलं होतं, आणि त्या व्यवहारात आज नऊ वर्षांचा असलेला मुलगा कुठंच नव्हता. बापानं स्वतःसाठी गाडी घेण्यात काही गैर नाही. चाळिशीतल्या माणसाला हौस असू नये असा काही नियम नाही. पण ती पोराच्या नावावर घेतली की एक दिवस पोरगा तिच्यावर बसणारच, कारण ती त्याचीच आहे असं त्याला सांगून झालेलं असतं.

कायदाही या बाबतीत नाव बघत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहन कायद्याखाली गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

माझं मत लहान गाडीच्या बाजूचं आहे. जागा आखलेली असावी, हेल्मेट, गुडघा-कोपराची कवचं आणि बूट गाडीच्याच दिवशी घ्यावेत, आणि लहान झाल्यावर गाडी गोठ्यात न ठेवता दुसऱ्या पोराला विकावी. दीड वर्षच वापरली म्हणून पैसे वाया गेले असं मी मानत नाही. घ्यायला जाणार असाल तर पोराला सोबत न्या. गाडीवर बसवा आणि दोन्ही पाय नीट जमिनीला टेकतात का पाहा. मग गाडी आडवी करून त्याला एकट्याला उचलायला सांगा. उचलता आली नाही तर दुकानदार कितीही सूट देवो, त्या दिवशी पैसे देऊ नका.